परदेशी खरेदी आणि सीमेवरची जकात

परदेशाहून परतणाऱ्या प्रवाशाच्या सामानावर बसणाऱ्या कराविषयी आपल्या समाजात भय पुष्कळ आणि माहिती अल्प, अशी स्थिती फार दिवसांपासून आहे. आणि त्या भयापोटीच, ज्याने जन्मात कोणाची कवडी बुडवली नाही असा सद्गृहस्थही मुंबईच्या विमानतळावर उतरताच, हातातले नवे घड्याळ दाखवावे की बाहीखाली सारावे, अशा संभ्रमात पडतो. वस्तुतः १९६२ चा सीमाशुल्क कायदा प्रवाशाकडे प्रथम एवढेच मागतो, की आपल्या सामानात काय आहे ते त्याने स्वतः खरेखरे सांगावे. ह्या कायद्याच्या ७७ व्या कलमातील हे बंधन व्यवहारात हिरव्या आणि लाल अशा दोन मार्गांच्या रूपाने आपल्यासमोर येते, आणि हिरव्या मार्गाने पाऊल टाकणे हेच ‘माझ्यापाशी करपात्र असे काही नाही’ हे निवेदन ठरते. म्हणून लाल मार्गाने जाण्यात कमीपणा मुळीच नाही. तेथे जाणारा मनुष्य हिशेब करून रक्कम भरतो, पावती घेतो आणि ताठ मानेने बाहेर पडतो, उलट लपवलेली वस्तू सापडल्यास ती जप्त होण्याचा आणि वर दंड भरण्याचा प्रसंग येतो.

हा कर केवळ खजिन्याच्या भरतीसाठी असतो, हाही एक रूढ गैरसमज. शिवाजीमहाराजांनी १६७१ साली कुडाळच्या अंमलदारास पाठवलेल्या पत्रात, पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशाचे मीठ स्वस्त पडून आपल्या मुलखातील मिठाचा खप बुडेल, सबब त्या मिठावर जबर जकात बसवावी, असा हुकूम आहे. आणि २०१३ च्या ऑगस्टात, रुपया झपाट्याने घसरत असता, प्रवाशांनी बरोबर आणलेल्या सपाट पडद्याच्या टीव्हीची माफी केंद्र सरकारने काढून घेतली, तीही देशाचे परकीय चलन राखण्याच्या चिंतेने. तेव्हापासून असा टीव्ही पहिल्या रुपयापासून करास पात्र ठरला, ही गोष्ट आजही अनेकांना विमानतळावरच कळते.

याहून अधिक घोटाळा होतो तो ‘ड्यूटी फ्री’ ह्या दुकानांपाशी. तेथील माल ज्या देशात विकला जातो त्या देशाच्या करातून मुक्त असतो, आपल्या देशाच्या नव्हे. दुबईत, सिंगापुरात किंवा जर्मनीत निघताना प्रवाशास तेथील कर परत मिळतो, तोही माल त्या देशाबाहेर जातो म्हणून. तोच माल येथे उतरला की येथील हिशेब नव्याने सुरू होतो.

तो हिशेब असा. २०१६ च्या एप्रिलपासून अमलात आलेल्या नियमांनी, नेपाळ, भूतान आणि म्यानमार सोडून इतर देशांतून परतणाऱ्या भारतीय रहिवाशास, नेहमीच्या वापराचे कपडे-सामान वगळून, ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंची माफी दिली, आणि अठरा वर्षांवरील प्रवाशाचा एक लॅपटॉप त्यातून अलग ठेवला. माफीवरच्या रकमेस २०१८ पासून अधिभार धरून ३८.५ टक्के दर पडू लागला. म्हणजे ८०,००० रुपयांचा माल आणणाऱ्यास ३०,००० रुपयांवर ११,५५० रुपये. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, आणि कुटुंबवत्सल माणसे नेमकी तेथेच चुकतात: माफी ही प्रत्येक प्रवाशाची स्वतंत्र असते, दोघांची मिळून एक होत नाही. पतिपत्नींनी मिळून एक लाखाचे घड्याळ आणले, तर ‘दोघांचे पन्नास-पन्नास’ हा युक्तिवाद चालत नाही. त्या नियमांनी एकाचीच माफी वजा होऊन उरलेल्या पन्नास हजारांवर १९,२५० रुपये भरावे लागत. हे आकडे सरकार वेळोवेळी बदलते, यास्तव निघण्यापूर्वी चालू नियम पाहून घेणे अगत्याचे.

दागिन्यांचा प्रश्न मात्र मला खरोखर कष्टाचा वाटतो. रत्नागिरी-रायगडातील कितीतरी कुटुंबे आखाती देशांतील कमाईवर उभी राहिली, आणि परतताना मुलीच्या लग्नासाठी थोडे सोने आणावे ही त्यांची साधी आकांक्षा. वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या पुरुषास २० आणि स्त्रीस ४० ग्रॅमचे दागिने माफ, ही तरतूद उदारच होती. परंतु त्याच २०१६ च्या नियमांत अनुक्रमे ५०,००० आणि १,००,००० रुपयांची किंमतमर्यादाही होती, आणि सोन्याचा भाव चढत गेला तसतशी वजनाची सवलत कागदावर राहून व्यवहारात आक्रसत गेली. श्रमाने मिळवलेल्या सोन्यापुरती तरी भावाशी सुसंगत मर्यादा असावी, ही अपेक्षा रास्तच होती. बिस्किटे आणि लगडी ह्या दागिन्यांच्या माफीत कधीच येत नव्हत्या, हेही ध्यानात असावे.

येथूनच मौल्यवान दागिने किंवा कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने, निघण्याच्या वेळीच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून त्या वस्तूंच्या वर्णनाचा निर्यात-दाखला घ्यावा. मग परतताना त्या नव्या खरेदीच्या समजल्या जाण्याची भीती राहत नाही. आणि परदेशी स्थायिक झालेला आप्त सुट्टीपुरता आला, तर करपात्र वस्तूचे खरे निवेदन करून, ८० व्या कलमान्वये, ती अधिकाऱ्यांच्या ताब्यात ठेवून परत जाताना घेऊन जाण्याची विनंती त्यास करता येते.