सर्दी हटत नाही? वरची दाढ तपासून घ्या

अंबाडी नाक्यावर वाड्याचा, वज्रेश्वरीचा आणि भिवंडीचा असे रस्ते येऊन मिळतात. खड्ड्यांतून जाणाऱ्या ट्रकांची धूळ, वीटभट्ट्यांचा धूर आणि भिवंडीत यंत्रमागावर कामाला जाणाऱ्यांच्या नाकात कापसाचे तूस. अशा ठिकाणी कुणाचे नाक सदा चोंदलेले असले, तर घरचे म्हणतात, "धुळीचे आहे, चालायचेच." पुष्कळदा ते खरेही असते. पण महिनोन् महिने एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल आणि त्याच बाजूचा गाल जड वाटत असेल, तर धुळीला दोष देण्याआधी वरच्या दाढा पाहाव्यात.

दाढेचा आणि नाकाचा संबंध काय, असे माता-भगिनींना वाटेल. संबंध अगदी शेजारधर्माचा आहे. आपल्या गालाच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. तिलाच सायनस म्हणतात. मोठ्या माणसाच्या एका पोकळीत साधारण तीन लहान चमचे पाणी मावेल. वरच्या दाढांची मुळे या पोकळीच्या तळाला जवळजवळ टेकलेली असतात. मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा, आणि काही जणांत तोही नसतो. शिवाय पोकळीचे नाकात उघडणारे भोक वरच्या अंगाला असते. मडक्याला बुडाऐवजी गळ्याशी भोक पाडावे तसे. आत पू साचला की तो सहजी बाहेर पडत नाही.

इंग्लंडमधील डॉक्टर नॅथॅनियल हायमोर यांनी १६५१ साली या पोकळीचे वर्णन छापले. त्यांच्याकडे आलेल्या एका बाईचा वरचा सुळा काढल्यावर त्या खळग्यातून सतत स्राव येत असे. तिने आत पिसाची काडी घालून पाहिली. ती इतकी वर गेली की मेंदूपर्यंत पोचली की काय, म्हणून ती बाई घाबरून गेली! म्हणजे ही गोष्ट वैद्यकाला पावणेचारशे वर्षांपासून ठाऊक आहे.

दाढ किडते, कीड आतल्या नसेपर्यंत पोचते. काही दिवस रात्री झोप येत नाही, लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून दिवस काढतात, आणि एके दिवशी दुखणे आपोआप थांबते. दाढ बरी झाली असे आपण समजतो. प्रत्यक्षात नस मेलेली असते, आणि मेलेली दाढ दुखत नाही. मुळाच्या टोकाशी मात्र पू होत राहतो आणि पापुद्रा ओलांडून सायनसमध्ये जातो. मग माणूस सर्दीच्या गोळ्या खातो. गोळी असेपर्यंत आराम, संपली की पुन्हा तेच, आणि कामावर खाडे पडतात ते निराळेच. मुळाशी घाण आहे तोवर गोळ्यांनी हे जात नाही; रूट कॅनाल तरी करावे लागते किंवा दाढ तरी काढावी लागते. जुन्या पुस्तकांत गालाच्या सायनसच्या १०-१२ टक्के दुखण्यांचे कारण दात असे लिहिलेले असे. एकाच बाजूला दुखणाऱ्या रुग्णांचे सीटी स्कॅन होऊ लागल्यावर हा आकडा ४० टक्क्यांपर्यंत आणि कुठे त्याहूनही वर गेला.

इथे मुलांच्या बाबतीत एक सांगितलेच पाहिजे. सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे जी नवी दाढ येते, ती दुधाची नव्हे. ती पडत नाही, पडली तर पुन्हा येत नाही. "दुधाची आहे, जाऊ दे" म्हणून किडू दिलेली हीच वरची दाढ पुढे सायनसच्या तळाशी असते.

उलटही घडते. साध्या सर्दीने सायनस सुजला की वरच्या तीन-चार दाढा एकदम ठणकतात, वाकल्यावर जास्त दुखतात, आणि दातांत कीड मात्र दिसत नाही. अशा वेळी घाईने दाढ उपटून घेतली तर चांगली दाढ जाते आणि दुखणे तसेच राहते. दाढ एकच दुखत असेल, तिच्यावर ठोकल्यावर कळ येत असेल, तर दोष बहुधा दाढेचा.

वरची दाढ काढल्यावर चूळ भरताना पाणी नाकातून आले, तर तोंड आणि सायनस यांच्यामध्ये भोक पडले आहे असे समजावे. ते लहान असेल तर पुष्कळदा आपोआप भरते. तोवर नाक जोराने शिंकरू नये, शिंक तोंड उघडे ठेवून द्यावी, विडी-सिगारेट बंद ठेवावी. दाढ काढणाऱ्या डॉक्टरांना मात्र लगेच दाखवावे.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने हा शेजार फार भयंकर रूपात पाहिला. म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगात, विशेषतः मधुमेही रुग्णांत, गाल दुखणे, टाळू काळी पडणे आणि वरचे चांगले दात अचानक हलू लागणे ही लक्षणे दिसली. कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला, काहींचा डोळा गेला. साखरेचा आजार असलेल्या घरात हे ध्यानात ठेवावे. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे, तीव्र ताप आणि डोकेदुखी यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, थेट मोठे रुग्णालय गाठावे.

एरवी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे की दाताच्या, हा प्रश्न पडतो. कुठेही जा, पण दुसऱ्या बाजूचे आपणहून सांगा. नाकाच्या डॉक्टरांना "वरची दाढ किडली आहे" म्हणा, दाताच्या डॉक्टरांना "याच बाजूच्या नाकातून घाण येते" म्हणा. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. दोन्ही ठिकाणी खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च पुष्कळ कमी येतो. जुने एक्स-रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या पिशवीत घालून सकाळी लवकर निघावे.