चार फुटांच्या पट्टीतलं रॉक गार्डन

फाटक आणि व्हरांडा यांच्यामध्ये चार-पाच फूट रुंदीची पट्टी उरते. रो-हाउसमध्ये तर हमखास. तिथं दगडांची ओबडधोबड बाग करू या म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला: रॉक गार्डनला मोठी जागा लागते. मनात चंदीगड असतं. नेकचंद यांनी १९५७ च्या सुमारास गुपचूप सुरू केलेली आणि १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झालेली ती निर्मिती अद्भुत आहे, पण ती फुटक्या बांगड्या, चिनी माती अशा टाकाऊ वस्तूंच्या शिल्पांची बाग आहे. बागकामातलं रॉक गार्डन म्हणजे खडकाळ जमिनीचा एक तुकडा आणि त्याच्या फटींतून वाढणारी झाडं. त्याला चार फूट पुरतात.

जागा लहान म्हणून दगडही लहान घ्यायचे, हा समज सगळ्यात जास्त बागा बिघडवतो. नारळाएवढे पंचवीस दगड अरुंद पट्टीत मांडले की घराचं काम अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. तीन किंवा पाचच दगड घ्या, पण त्यातला एक तरी दमदार असू द्या. तो पट्टीच्या मधोमध नको. एका टोकाकडे, लांबीच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवा. म्हणजे उरलेली लांबी मोकळी राहते आणि पट्टी आहे त्यापेक्षा रुंद वाटते. मात्र वजनाचा हिशोब आधी करा. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, एक फूट लांब-रुंद-उंच असला तरी ऐंशी किलोंच्या आसपास भरतो. लांबी, रुंदी, उंची सगळंच दुप्पट केलं तर वजन आठपट, म्हणजे सहाशे किलोंच्या वर. तो फाटकातून आत कसा येणार आणि पट्टीखालून पाण्याची पाइप किंवा ड्रेनेजचं चेंबर कुठं जातं, हे टेम्पो बोलावण्याआधी बघायला हवं.

दगड आला की जमिनीवर ठेवून मोकळं व्हायचं नसतं. त्याचा तिसरा हिस्सा तरी मातीत जायला हवा. खड्डा दगडापेक्षा थोडा रुंद घ्यावा, पहारीनं दगड त्यात सरकवावा, बाजूनं मुरूम भरून धुमसावा आणि मग त्यावर उभं राहून बघावं. हलला तर पुन्हा काढावा. काळ्या मातीत तर हे टाळूच नका, कारण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरवर ठेवलेला दगड दोन-तीन वर्षांत कलंडतो. दगडावर रेषा किंवा थर दिसत असतील तर सगळ्या दगडांचे थर एकाच दिशेला, आडवे ठेवा. सह्याद्रीचे कडे पाहा: साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थर एकावर एक जवळजवळ आडवेच बसले आहेत. आपल्या डोळ्यांना खडक म्हणून तीच बैठक ओळखीची आहे. कोकणात किंवा गोव्यात असाल तर काळा दगड लांबून आणण्यापेक्षा जांभा घ्या. तो सच्छिद्र आहे, ओल धरतो आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढायला लागतं. मात्र जांभा आणि काळा दगड एकाच पट्टीत मिसळू नका.

तळाशी खडीचा थर दिला की निचरा होतो, असं अनुभवी माळीही सांगतात. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते थराच्या वरच अडून राहतं, म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. त्यापेक्षा खडी, मुरूम किंवा विटांचे तुकडे मातीतच वरपासून खालपर्यंत मिसळा आणि पट्टीला फाटकाकडे थोडा उतार द्या. घराच्या भिंतीला टेकवून मातीचा उंचवटा तर कधीच करू नका. जोत्याच्या वर माती गेली की भिंतीत ओल शिरते. फूटभर मोकळी जागा सोडा.

खडक म्हटलं की निवडुंग, हेही असंच रुजलेलं. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. आपल्याकडचा खडक पाहायचा तर कासच्या पठारावर जा. तिथं जांभ्यावर मातीचा पातळ थर आहे; पावसाळ्यात तो चिंब भिजलेला असतो आणि उन्हाळ्यात कोरडाठाक. फुलं येतात ती या पावसाच्या जोरावर. तुमच्या पट्टीचं वेळापत्रकही तसंच असेल. म्हणून सावलीच्या फटीत नेचे, पुढच्या कडेला पावसाळी लिली आणि तेरडा, उन्हात कोरफड, पानफुटी, चिनी गुलाब. येण्याजाण्याच्या वाटेवर शेर लावू नका. त्याचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते आणि अरुंद पट्टीत मुलांचा हात तिथवर सहज पोहोचतो.

देखभाल शून्य, हे मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. खडीखाली प्लॅस्टिक अंथरलं तरी लव्हाळा ते भोसकून वर येतो आणि खडीवर साचलेल्या धुळीत गाजर गवत उगवतंच. जूनमधल्या पहिल्या पावसानंतर दर आठवड्याला उपटत राहिलं की पुढं काम हलकं होतं. विंचू-सापांची भीती खरी आहे, पण ती सैल रचलेल्या ढिगाऱ्याची. पुरलेल्या, फटी मातीनं भरलेल्या दगडांत त्यांना आसरा फारसा नसतो.

आणि दगड डोंगरावरून उचलून आणायचे नाहीत. राखीव जंगलातून दगड काढणं १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे. इतर जमिनीवरही दगड हे गौण खनिज आहे, विनापरवाना काढलं तर दंड होतो. शिवाय माळावरचा दगड उलटला की त्याखालच्या पाली, विंचू, गोगलगायी उघड्यावर पडतात. दगडाच्या खाणीवर आकार बिघडलेले दगड वेगळे पडलेले असतात, विहीर खोदताना दगड निघतात, जुनी घरं पाडताना जोत्याचे दगड मिळतात. जोत्याचे घेतलेत तर घडवलेली बाजू मातीत जाऊ द्या, खडबडीत बाजू वर ठेवा.