कापडी आसने आणि जयणा

पावसाळ्यात लोणावळ्याहून परतताना गाडीच्या आसनांवर चिखल, चहा आणि चिक्की यांच्या खुणा उमटतातच. चामडे वर्ज्य मानणाऱ्या आपल्या कुटुंबांनी कापडी आसनांची निगा जाणून घ्यावी.

चिखल ओला असताना पुसू नये. वाळल्यावर ब्रशने झाडावा. चिक्कीचा गूळ कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने सुटतो. चहा थंड पाण्याने टिपावा. घासल्यास डाग पसरतो. तेलकट डागावर टाल्कम पावडर भुरभुरून काही वेळाने झाडावी.

मात्र पाणी बेतानेच वापरावे. मावळच्या दमट हवेत आतला फोम ओला राहिला, की बुरशी धरते. बुरशी म्हणजे अनंतकाय. ती धरल्यावर घासून काढण्यात हिंसाच घडते. म्हणून उघडीप मिळताच दारे उघडून आसने वाळवावीत. एखादा डाग राहिला तरी चालेल, ओल राहू नये. बुरशी धरूच न देणे, हीच जयणा.