'डिटेन' म्हणजे नापास नव्हे!



निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकावर 'डिटेन्ड' हा शब्द दिसला की पालकांचा चेहरा उतरतो. घरी अर्थ एकच लागतो, पोरगं नापास झालं. पण हा शब्द खरं तर तसं म्हणतच नाही. चला, आज तो नीट समजून घेऊ.

अर्थ : 'डिटेन' हे औपचारिक क्रियापद आहे. अर्थ आहे रोखून धरणे, थांबवून ठेवणे. पोलिसांनी कुणाला ताब्यात घेतलं की इंग्रजी बातमीत हेच क्रियापद येतं. मालगाडी यार्डात अडकून पडली, तर रेल्वेच्या भाषेत तेही 'डिटेन्शन'च.

उगम : हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये 'टेनेरे' म्हणजे धरणे आणि 'डे' म्हणजे दूर, बाजूला. याच 'टेनेरे'चं गोत मोठं आहे. 'कंटेन' म्हणजे एकत्र धरणे, म्हणून डबा झाला कंटेनर. 'मेन्टेन' म्हणजे मुळात हातात धरणे. 'टेनंट' म्हणजे जागा धरून असलेला, आपला भाडेकरू. संस्कृतातला 'तन्' म्हणजे ताणणे हा धातूही याच मुळातला, असं भाषाशास्त्र सांगतं. आपले 'तंतू' आणि 'ताण' त्यातूनच आले. मुलांना हे सांगून बघा, शब्द परका वाटणार नाही.

आता मुद्द्याचं. 'नापास झाला' म्हटलं की कर्ता मूल असतं. 'डिटेन केलं' म्हटलं की धरून ठेवणारी शाळा असते. म्हणजे जबाबदारीही शाळेकडे येते. शिक्षण हक्क कायदा, 2009 मध्येही साधे इंग्रजी शब्द आहेत, त्यांचा अर्थ 'मागे ठेवणे'. 2019 च्या दुरुस्तीनुसार पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकतं. पण त्याआधी जादा शिकवणी द्यायची आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

म्हणून पालकांनो, हा शब्द दिसला तर मुलाला रागावू नका. आधी शाळेत जाऊन विचारा, "जादा शिकवणी कधी आणि फेरपरीक्षा कधी?" आणि शिक्षकांनो, हा शब्द लिहिताना त्याचं उत्तर आपल्याकडे तयार असू द्या.