बेडकाला घाबरणारा निंजा

बालपडदा : लेखांक ९

गेल्या आठवड्यात डोरेमॉनच्या खिशात डोकावून झालं. आज त्याच्या चुलतभावाकडे, निंजा हातोरीकडे वळू. चुलतभाऊ म्हणायचं कारण, दोघांच्या निर्मात्यांनी कित्येक वर्षं एकच टोपणनाव वापरलं. हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको हे जपानच्या तोयामा प्रांतातले शाळासोबती ‘फुजिको फुजिओ’ या नावाने चित्रकथा काढत. डोरेमॉन फुजिमोतोंचा, निंजा हातोरी आबिकोंचा. आबिकोंचा जन्म हिमी गावचा. त्या गावाला जाणाऱ्या आगगाडीवर आजही हातोरीची चित्रं रंगवलेली आहेत.

‘निंजा हातोरी’बद्दल आपल्याकडच्या पालकांची तक्रार ठरलेली असते. पोरं सोफ्यावरून उड्या मारतात, दाराआड दबा धरून बसतात, धाकट्याला बुकलतात. तक्रार खरी आहे, पण बुकलण्याचं खापर या कार्टूनवर फोडण्याआधी त्याचे चार भाग शांतपणे पाहावेत. ठोसे फारच थोडे दिसतील. अधूनमधून चांदणीच्या आकाराची पाती भिंतीत रुतताना दिसतील, पण हातोरीचा बहुतेक वेळ लपण्यात, वेष पालटण्यात, धुराच्या आडून सटकण्यात आणि समोरच्याला चकवण्यात जातो. युद्धकलेच्या नावावर चाललेल्या या मालिकेत युद्ध टाळण्याचीच कला जास्त आहे.

गंमत म्हणजे इतिहासाच्या हे जवळ जाणारं आहे. जुन्या जपानात निंजाचं मुख्य काम हेरगिरीचं. बातमी काढायची आणि ती घेऊन जिवंत परत यायचं. लढाईला तोंड फुटलं तर काम फसलं असंच समजायचं. या विद्येची दोन नामांकित ठिकाणं इगा आणि कोगा. पहिलं आजच्या मिए प्रांतात, दुसरं शिगा प्रांतात, आणि दोन्ही अगदी शेजारी-शेजारी. इगाच्या हातोरी घराण्यातला हान्झो हा तोकुगावा इएयासूचा सरदार. १५८२ साली त्याचा मित्र सरदार ओदा नोबुनागा याचा घात झाला आणि इएयासू शत्रूच्या मुलखात अडकला, तेव्हा इगाच्या डोंगरांतून त्याला सुखरूप बाहेर काढण्यात हान्झोचा मोठा वाटा होता असं मानतात. तोक्योच्या राजवाड्याच्या एका दरवाजाला त्याचं नाव आहे, भुयारी रेल्वेच्या एका मार्गालाही. आपल्या कार्टूनमधल्या पोराचं नाव हातोरी कान्झो. जपानी वाचकाला यातली थट्टा सांगावी लागत नाही.

इगा आणि कोगा यांचं हाडवैर मात्र बरंचसं कथाकादंबऱ्यांनी वाढवलेलं. १६७६ साली लिहिलेल्या ‘बान्सेनशुकाई’ या ग्रंथात दोन्हीकडची विद्या एकत्र नोंदवलेली आहे. कार्टूनने कादंबरीतलं वैर उचललं आणि दोन शाळकरी पोरांच्या भांडणाइतकं लहान केलं. इगाचा हातोरी केनिची नावाच्या शाळकरी मुलाच्या घरी राहतो, कोगाचा केमुमाकी त्याच केनिचीच्या वर्गात बसतो. हिंदीत हाच केमुमाकी ‘अमारा’ झाला. त्याचे डाव दुष्ट असतात, पण तो राक्षस नाही. आज फजिती झाली तरी उद्या वर्गात हजर, गृहपाठ न केल्याबद्दल ओरडा खायला. लहान मुलांच्या मालिकेत खलनायक इतका शेजारचा वाटावा, ही माझ्या मते तिची सर्वांत मोठी जमेची बाजू.

दुसरी बाजू समजायला १९६४ साल डोळ्यांपुढे आणावं लागतं. त्या वर्षी ही चित्रकथा ‘शोनेन’ मासिकात सुरू झाली. जपानात तेव्हा निंजांची लाट होती. सांपेई शिराटो यांच्या चित्रकथांतून शेतकऱ्यांची बंडं आणि रक्तपात येत होता. १९६२ च्या ‘शिनोबी नो मोनो’ या चित्रपटाने निंजाला गंभीर, काळोख्या रूपात लोकप्रिय केलं होतं. अशा वेळी आबिकोंनी निंजाला उपनगरातल्या एका मध्यमवर्गीय घराच्या माळ्यावर नेऊन ठेवलं. त्याला ना मालक सरदार, ना मोहीम. विद्या शेकडो वर्षांची आणि कामगिरी काय, तर शाळेला उशीर होणाऱ्या एका ढिल्या मुलाला सांभाळायचं. विनोद या विजोडपणातून निघतो, आणि म्हणूनच साठ वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेतही तो चालतो.

शिवाय प्रत्येक पात्राला दिलेली खोड. सर्व विद्येत पारंगत हातोरी बेडूक दिसला की गार पडतो. त्याचा धाकटा भाऊ शिन्झो भोकाड पसरतो, आणि ते भोकाड हेच त्याचं अस्त्र. शिशिमारू हा निंजा कुत्रा खादाड आणि आळशी. चार-पाच वर्षांच्या मुलाला रडणं म्हणजे कमकुवतपणा असं सगळेच सांगतात. इथे रडक्या पोराच्या आवाजाने शत्रू पळतो. मुलं या प्रसंगाला का खिदळतात हे बालमानसशास्त्रज्ञाला विचारायची गरज नाही.

आता उण्या बाजूला येतो, आणि ही बाजू मला मारामारीपेक्षा जास्त काळजीची वाटते. केनिची काही शिकत नाही. युद्धकलेच्या कोणत्याही गोष्टीचा कणा म्हणजे सराव: गुरू, चेला, शंभर वेळा पडणं आणि एकशे एकाव्यांदा उभं राहणं. इथे गुरू डोक्यावर माळ्यावर राहतो आणि चेला खाली लोळतो. कधीतरी हातोरी त्याला पहाटे उठवतो, पळवतो, एखादा भाग त्यात जातो. पुढच्या भागात केनिची पुन्हा तिथेच. मल्लखांब करणाऱ्या मुलाला विचारा. साधी अढी नीट बसायला किती दिवस मांड्या सोलून घ्याव्या लागल्या ते तो सांगेल. कार्टूनमध्ये मात्र दोन बोटं जोडली, धूर झाला, काम फत्ते. विद्या दिसते, तिची किंमत दिसत नाही.

याचं कारण लेखकाच्या आळसात कमी आणि धंद्याच्या गरजेत जास्त आहे. शिन-एई या संस्थेने केलेली मालिका जपानमध्ये १९८१ ते १९८७ चालली. भाग साधारण दहा मिनिटांचे आणि एकूण संख्या सातशेच्या आसपास. असा माल कुठूनही उचलून, कोणत्याही क्रमाने दाखवता यावा लागतो. केनिची शहाणा झाला की अर्धे भाग उलटसुलट लावता येणार नाहीत. म्हणून दर भागाच्या शेवटी पाटी पुसली जाते. हेवा, डाव, डाव उधळणं, फजिती: हा साचा पहिल्या वीस भागांत मजा देतो, शंभराव्या भागात मूल पडद्याकडे बघत असतं पण पाहत नसतं.

मुलींच्या बाबतीत तर मालिका तिच्या काळाच्याही मागेच. युमेको, हिंदीतली सोनम, ही केनिची आणि केमुमाकी यांच्या चढाओढीतलं बक्षीस. तिला काय हवं, ती कशात हुशार, हे कोणी विचारत नाही. त्सुबामे ही निंजाविद्या जाणणारी मुलगी येते तेव्हा आशा वाटते, पण तिचा सगळा जीव हातोरीत अडकलेला. घरातल्या आईबद्दल तर बोलायलाच नको.

मराठी घरांतली बहुतेक मुलं ही मालिका हिंदीतून पाहतात. त्या हिंदीचा वेग आणि खट्याळपणा झकास आहे, हे मान्य करायला हवं. नावं बदलली, पण सरकते दरवाजे, जेवणाचं बुटकं टेबल, देवळाचं आवार हे सगळं जपानीच राहिलं. मुलांना त्याचं काही वाटत नाही. पुढे शिन-एई आणि आपल्याकडची रिलायन्स मीडियावर्क्स यांनी मिळून नवी मालिका काढली आणि २०१३ मध्ये ती जपानच्या पडद्यावरही गेली. चित्रं तुकतुकीत झाली, रंग उजळले. कथेचा साचा मात्र जुनाच ठेवला. तीस वर्षांनी पुन्हा हात लावताना निदान युमेकोला तरी दोन वाक्यं स्वतःची द्यायला हवी होती.

माझं मत विचाराल तर सहा ते आठ वर्षांच्या मुलांना दिवसाला एखादा भाग खुशाल पाहू द्यावा. दहा वर्षांच्या मुलाला त्यात नवं काही उरत नाही आणि ते त्याला स्वतःलाच कळतं. निवड करायचीच झाली तर बेडकांचे भाग निवडावेत. केमुमाकी हातोरीवर बेडूक सोडतो, सर्वज्ञ निंजा आडवा होतो, आणि मग केनिचीच्या मदतीला माळ्यावरून कोणी उतरत नाही.

(पुढील लेखांक : छोटा भीम)