पोथी आधी, वाचणारा शेवटी

सरकीशिवाय कपाशी नाही आणि कपाशीशिवाय सरकी नाही. हिंगणघाटच्या कापूसपट्ट्यात या कोड्यापाशी पूर्वी कोणी अडत नसे, कारण मागच्या हंगामाची सरकी राखलेली असे. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम मुळापासून उभारणाऱ्याला मात्र हे कोडे पायरीपायरीला सोडवावे लागते. माणसाने लिहिलेल्या सोर्स कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर स्वतःही सोर्स कोडमध्येच लिहिलेला असतो. त्याला घडवायला आधीचा कंपायलर लागतो. या गाठीची चर्चा पुष्कळ होते. तिच्या शेजारची, माहितीपुस्तिकांची गाठ मात्र सहसा कोणाच्या नजरेत येत नाही.

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बेल लॅब्जमध्ये जन्मली. तिच्या सुरुवातीच्या वापरकर्त्यांत तिथला पेटंट विभाग होता. त्याला अर्जांचा मजकूर नीट जुळवून हवा होता. म्हणजे मजकूर मांडण्याचे काम या सिस्टिमला बाळपणापासून चिकटले. तिच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची. अशा पुस्तिकेचे पान तयार रूपात ठेवलेले नसते. ‘इथे मथळा’, ‘इथे ठळक’ अशा खुणांसह ते लिहिलेले असते आणि दुसरा प्रोग्रॅम त्याची वाचनीय मांडणी करतो. आज हे काम बहुधा जेम्स क्लार्क यांनी प्रथम लिहिलेला ‘ग्रॉफ’ करतो. तो सी++ भाषेत आहे, म्हणून त्याआधी सी++चा कंपायलर हवा. त्या कंपायलरची पुस्तिका ‘टेक्सइन्फो’ पद्धतीने लिहिलेली. टेक्सइन्फोचा मुख्य प्रोग्रॅम २०१३ पासून पर्ल भाषेत आहे, म्हणून आधी पर्ल हवे. एक धागा ओढावा तर मागून दुसरा येतो.

जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या ग्रंथात हा गुंता क्रमाने सोडवला आहे. आधी तात्पुरती अवजारे बनवायची; त्यांत पर्ल आणि टेक्सइन्फो येतात. त्यांच्यासोबत आलेल्या पुस्तिका पुसून टाकायच्या. मग खरी सिस्टिम उभारताना पहिला मान कोणाचा? दोन हजारांहून अधिक माहितीपानांच्या संचाचा. त्याला कंपायलर लागत नाही, पाने नुसती जागेवर ठेवायची असतात. मात्र ती उघडून दाखवणारा ‘मॅन’ हा आदेश येतो अगदी शेवटाकडे. पोथी घरात येते, वाचणारा महिन्यानंतर, अशी ही गत.

घाईत असलेले लोक याहून सोप्या वाटा काढतात. टेक्सइन्फो नसेल तर त्याच्या जागी ‘ट्रू’ नावाचा प्रोग्रॅम बसवतात. तो काहीच करत नाही, फक्त ‘काम झाले’ असा जबाब देतो. नाव ‘खरे’ आणि साक्ष खोटी! डेबियनमध्ये तर पुस्तिका वगळून बांधणी करण्याची ‘नोडॉक’ अशी अधिकृत सोयच आहे. तिसरी वाट म्हणजे दुसऱ्या यंत्रावर तयार केलेली पाने सोबत घेणे. बीकमन्स यांच्या ग्रंथाची सिस्टमडी वापरणारी आवृत्तीही सिस्टमडीची पाने अशीच तयार घेते, कारण ती घडवणारी अवजारे त्या ग्रंथात बांधलेलीच नसतात.

तात्पुरत्या अवजाराने पक्के अवजार घडवण्याची रीत मराठीला नवी नाही. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापले. त्यासाठी लाकडी यंत्र त्यांनीच बनवले, दगड जमवले, शाई तयार केली. सुरुवात शिळाछापाने झाली. पुढे त्यांनी खिळे पाडून अक्षरछपाई उभी केली. पहिले यंत्र ओबडधोबड असले तरी चालते. त्याच्या आधाराने दुसरे घडले पाहिजे, एवढीच अट.

पुस्तिकांच्या बाबतीत ही अट सहज विसरली जाते. कंपायलर नसेल तर काम तिथेच थांबते. पुस्तिका नसेल तर काहीच थांबत नाही. म्हणून गाठ सोडवताना पहिली कात्री तिच्यावर चालते आणि ती परत आणायची आठवण कोणालातरी मुद्दाम ठेवावी लागते. मराठीत तर काम दुहेरी आहे. ‘क्षि’ हे अक्षर डोळ्यांना एक दिसते. संगणकाच्या हिशेबी क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे. एका अक्षराला एक घर मोजून ओळी जुळवणाऱ्या अवजारांना हा हिशेब शिकवल्याशिवाय नुसते भाषांतर पुरत नाही.

संकरित वाणे आली आणि सरकी राखण्याची रीत मोडली. आता बियाणे दर हंगामाला विकत येते. पीक निघतेच. तयार पाने घेतलेली सिस्टिमही चालतेच. पण शब्द दुरुस्त करायचा झाला, नवे पान मराठीत लिहायचे झाले, की प्रश्न उभा राहतो तो पान घडवणाऱ्या अवजाराचा. ते आपल्या हाताने बांधता येत असेल, तरच पोथी आपली.