माफिया ३

माफिया ३ हा हँगर १३ या स्टुडिओने विकसित केलेला आणि टूके या कंपनीने ७ ऑक्टोबर २०१६ रोजी प्रकाशित केलेला गुन्हेगारीविषयक व्हिडिओ गेम आहे. तो ओपन वर्ल्ड प्रकारातील, म्हणजेच खेळाडूला संपूर्ण शहरात मनाप्रमाणे फिरू देणारा गेम असून माफिया मालिकेतील तिसरा आहे. वातावरणनिर्मितीसाठी तो जितका नावाजला गेला, तितकीच त्याच्या तोचतोचपणावर टीका झाली.

कथानक

कथानक १९६८ साली न्यू बोर्डो या काल्पनिक शहरात घडते. हे शहर अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सवर बेतलेले आहे. व्हिएतनाम युद्धातून परतलेला मिश्रवंशीय तरुण लिंकन क्ले हा नायक होय. या अनाथ तरुणाला वाढवणारा कृष्णवर्णीय टोळीप्रमुख सॅमी रॉबिन्सन हा इटालियन माफियाचा म्होरक्या साल मार्कानो याच्या विश्वासघाताला बळी पडतो. त्यातून कसाबसा वाचलेला लिंकन मार्कानोचे साम्राज्य मोडायला निघतो. घटनेनंतर अनेक वर्षांनी बनलेल्या माहितीपटाच्या स्वरूपात, वयोवृद्ध साक्षीदारांच्या मुलाखतींतून ही कथा उलगडते.

शहर आणि खेळपद्धती

वर्णद्वेष येथे केवळ संवादांपुरता उरत नाही. सुखवस्तू गोऱ्या वस्तीत गुन्ह्याची खबर जाताच पोलीस तत्परतेने येतात, तर कृष्णवर्णीय वस्तीत ते रेंगाळतात. काही दुकानांत लिंकनने नुसते पाऊल ठेवले तरी त्याला हुसकावले जाते. रेडिओवर त्या काळातील शंभराहून अधिक गाणी वाजतात आणि शहराबाहेर मगरींनी भरलेली दलदल पसरलेली आहे.

मात्र या शहरात करायची कामे मोजकीच आहेत. अमली पदार्थ असोत वा खंडणी, प्रत्येक धंदा मोडण्याची रीत एकच: खबऱ्याला भेटायचे, माल फोडायचा, माणसे मारायची, रोकड लुटायची. ठरावीक डॉलरचे नुकसान झाले की धंद्याचा चालक समोर येतो. त्याला ठार करायचे किंवा आपल्याकडे वळवायचे. त्यासाठी अनेकदा आधी लुटलेल्याच इमारतीत पुन्हा शिरावे लागते. नंतर तो विभाग कॅसांड्रा, व्हिटो स्कालेटा किंवा थॉमस बर्क या सहकाऱ्यांपैकी एकाला द्यायचा आणि पुढच्या विभागात हेच सत्र नव्याने सुरू करायचे. डावललेला सहकारी उलटू शकतो, त्यामुळे ही वाटणी काहीशी रंगतदार होते. करमणूक उद्यानातील किंवा बुडत्या आगबोटीवरील चकमकींसारखे खास रचलेले प्रसंगही उत्कंठावर्धक आहेत; परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी हेच फेरे मारावे लागतात. परिणामी, सुरुवातीला प्रत्येक गल्लीत जाणवणारा अन्याय हळूहळू नकाशावरील खुणांमागे झाकला जातो.

हिटमॅन २ (२०१८) या गेममधील मुंबईचा भाग तुलनेसाठी उद्बोधक ठरतो. त्यातील झोपडपट्टी, चाळ, रेल्वे यार्ड आणि चित्रपटाचा सेट हे सारे न्यू बोर्डोच्या मानाने अगदी लहान आवारात सामावले आहे. तीन लक्ष्यांपैकी एकाचा चेहरा खेळाडूला ठाऊक नसतो. त्याला हुडकण्यासाठी जागा निरखावी लागते, म्हणून त्याच गल्लीत पुन्हा जाणे कंटाळवाणे होत नाही.

प्रतिसाद

समीक्षकांनी कथा, अभिनय व संगीत वाखाणले, तर तांत्रिक दोष आणि पुनरावृत्ती यांवर बोट ठेवले. संगणकावरील आवृत्ती सुरुवातीला सेकंदाला ३० चित्रचौकटींपुरतीच मर्यादित होती. ती मर्यादा लवकरच सुधारणेद्वारे हटवण्यात आली. विक्रीला याची झळ लागलीच बसली नाही: पहिल्या आठवड्यात सुमारे ४५ लाख प्रती बाजारात गेल्या. २०२० मध्ये पूरक कथाभागांसह नवी आवृत्ती आली, पण मूळ रचना तीच राहिली. त्याच स्टुडिओच्या माफिया: द ओल्ड कंट्री (२०२५) या गेममध्ये मात्र मालिका पुन्हा सरळ रेषेतील कथेकडे वळली.